वाचकांचे प्रश्न : ‘म्हण की रे, आज्जी म्हण!’

या महिन्यातली पत्रं वाचताना एक गोष्ट दिसली. स्वतःच्या बोलण्याच्या अडचणीबद्दल स्वतः लिहिलेली दोनच पत्रं आहेत. बाकी बहुतेक भोवतीच्या माणसांची. ते साहजिकही आहे, कारण माझ्या, म्हणजे स्पीच थेरपीच्या, धंद्यात पेशंट एक आणि अस्वस्थ सात असाच हिशेब असतो. उत्तरं लांबली आहेत. संपादकांनी कात्री लावायची ती माझ्या गप्पांना लावावी, पत्रांना लावू नये.

“बाई, माझा नातू सव्वादोन वर्षांचा झाला. पळतोय, मोबाईल आपला आपण लावतोय, पण बोलत न्हाई. ‘आई’ आन् ‘दे’ एवढंच. दिवसभर त्याला ‘आज्जी म्हण, आज्जी म्हण’ करून माझं तोंड दुखाय लागलं. त्याचा बापबी चार वर्सांनी बोलला होता. सून दवाखान्यात दाखवू म्हणती. मी म्हणते थांबू. कोण वेखंड मधात उगाळून जिभेला लावा म्हणतंय, कोण पोपटानं उष्टवलेला पेरू चारा म्हणतंय. ऐकू येतंय त्याला, मी मागनं थाळी वाजवून बघितली, लगेच वळला.” — एक आजी, तासगाव

आजी, सून बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

आता थाळीचं. मला हा व्यवसाय सुरू करून दुसरंच वर्ष होतं. माझी खोली तेव्हा सांगलीत मारुती रोडला होती. अडीच वर्षांच्या एका मुलाला घेऊन आई आली. तिने पितळी तांब्या वाजवून दाखवला आणि पोरगं झटक्यात वळलं. मीही म्हटलं, ऐकू येतंय, सहा महिने थांबू. ती परत आली तेव्हा मुलगा चार वर्षांचा झाला होता. तपासणीत दिसलं की त्याला जाड, खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येत होते. ढोल, ट्रॅक्टर, दार आपटल्याचा आवाज, सगळं. पण स, श, फ, थ ही बारीक, हवेची अक्षरं त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हती. ‘शाळा’ हा शब्द त्याला ‘आळा’ असाच ऐकू येणार, मग तो म्हणणार काय? यंत्रं लावली, मुलगा शिकला, आता नोकरी करतो. पण ती दीड वर्षं माझ्यामुळे गेली. २०१९ च्या महापुरात माझ्या जुन्या फायलींचा लगदा झाला, या मुलाची फाईल मात्र मला पानापानाने आठवते.

म्हणून थाळी वाजवून कान तपासता येत नाही. मूल सावली बघून वळतं, फरशीच्या हादऱ्याने वळतं, नाहीतर तुमच्या सुनेची नजर तिकडे गेली म्हणून वळतं. खरी तपासणी दोन प्रकारची असते. एकीत कानात बोंडूक घालून काही मिनिटांत आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात, तिला ओएई म्हणतात. दुसरी बेरा. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. दोन्हीत सुई नाही, दुखत नाही, आणि मुलाने काही उत्तर द्यायची गरज नाही. जन्मल्यापासून कोणत्याही वयात होतात. खरं तर पहिल्या महिन्यात चाळणी (प्राथमिक तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभराचा शिरस्ता आहे. तुमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना सांगितलंत तरी पुढची चिठ्ठी मिळेल.

बाप चार वर्षांनी बोलला, हे मी खरं मानते. उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं आणि अशी बरीच मुलं पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. अडचण एवढीच, की कोणतं मूल येईल आणि कोणतं मागे राहील हे दोन वर्षांच्या पोराच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तुमच्या लहानपणी गावात चार वर्षांनंतरही न बोललेलं कुणी होतंच की. त्याचं खरं नाव आज कुणाला आठवतंय का बघा. ‘मुका’ हेच त्याचं नाव पडलेलं असतं.

साधारण दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासेक शब्द असावेत आणि ‘आई दूद’, ‘बाबा गेले’ अशी दोन-दोन शब्दांची जोडी लागायला हवी. पण मी शब्द मोजण्याआधी दुसरंच विचारते. तो बोट दाखवतो का? म्हणजे हवं ते मागायला नव्हे, ‘ते बघ विमान’ असं नुसतं दाखवायला. हाक मारली की वळतो का? ‘बाबाची चप्पल आण’ म्हटलं, खुणा न करता म्हटलं, तर आणतो का? ही तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर माझा जीव निम्मा भांड्यात पडतो. ‘नाही’ असतील तर नुसत्या बोलण्यापलीकडची तपासणी लागेल, आणि ती मुलांच्या डॉक्टरांनी करायची. घाबरू नका, पण पुढच्या द्राक्षहंगामापर्यंत थांबूही नका.

पोपटाचा पेरू पोपटालाच राहू दे. वेखंड बंद करा. आणि हे वाचणाऱ्या इतर आज्यांनो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरसुद्धा चाटवू नका. त्यातून बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

राहिलं ‘आज्जी म्हण’. आजी, हे बंद करणं तुम्हाला पेरू सोडण्यापेक्षा अवघड जाणार आहे. दिवसातून चाळीस वेळा परीक्षा घेतली तर पोरगं परीक्षेपासून पळायला शिकतं, बोलायला नाही. त्याऐवजी तुम्ही बोला. अंघोळ घालताना ‘पाणी. गरम पाणी. पाणी ओतू?’ तो ‘दे’ म्हणाला तर तुम्ही ‘लाडू दे’ म्हणा, त्याच्यापेक्षा फक्त एक शब्द पुढे. लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा त्याच्या हातात द्या. उघडणार नाही. तो तुमच्याकडे येईल. आता मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प बसा. नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत, हसतमुखाने गप्प. तो काहीतरी करेल. ओढेल, ‘अं’ म्हणेल, ‘दे’ म्हणेल. जे करेल त्याला डबा उघडायचा आणि म्हणायचं, ‘उघड. डबा उघड.’ शब्द नाही आला म्हणून लाडू अडवायचा नाही. हे दहा आकडे म्हणजे माझ्या अर्ध्या थेरपीचं भांडवल आहे. घरात कुणालाही ते जमत नाही. मी प्रत्येक आईला करायला लावते आणि चौथ्या आकड्याला तिचा धीर सुटतो.

मोबाईलवर मी प्रवचन देत नाही. एवढंच बघा, की मोबाईल कधी उत्तराची वाट बघत नाही. जेवताना तो बाजूला ठेवला तर दिवसातून तीनदा तुम्हाला त्याचं तोंड मोकळं सापडेल.

“मुलगी साडेचार वर्षांची. घरी आम्ही मराठी बोलतो, सासूबाई तिच्याशी कन्नडमध्येच बोलतात, शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेतून सांगितलंय की तीन भाषांमुळे गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला. शिवाय ती आमच्यासारखं ‘पानी’, ‘लोनी’ म्हणते, त्यासाठी स्पीच थेरपी लावा म्हणतात.” — एक आई, जत तालुका

ताई, मी शिकायला म्हैसूरला होते. भारत सरकारची वाचा आणि श्रवण शिकवणारी मोठी संस्था १९६५ पासून तिथे आहे. सांगलीची पोर, कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. चार वर्षांत मेसच्या मावशींनी बोलायला लावलं. माझा मराठीचा गोंधळ काही झाला नाही.

लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. एका वाक्यात ‘नीर दे’ (कन्नडमध्ये नीरु म्हणजे पाणी) म्हणाली तर तो गोंधळ नव्हे, ती दोन डब्यांतून जेवतेय. शब्द मोजायचेच तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. खरोखर भाषेची अडचण असलेल्या मुलाला ती प्रत्येक भाषेत असते, एक भाषा काढून घेतल्याने जात नाही. उलट घरात कुणालाच नीट न येणारी इंग्रजी बोलायला लागलात तर मुलीला तुमच्याकडून तुटकी वाक्यं मिळतील, आणि आजीशी असलेलं बोलणं तुटेल ते वेगळंच.

आणि ‘पानी’. हा दोष नाही, ही तुमच्या भागाची बोली आहे. मुलगी ऐकते तसं अचूक बोलते, म्हणजे तिचा कान उत्तम आहे! ‘पाणी’ तिला शाळेत, पुस्तकात मिळेल, तेव्हा तीही ठेवील जवळ. ‘पानी’ बरं करायला माझ्याकडे आणलंत तर मी चहा देऊन परत पाठवीन. शाळेतल्या बाईंना माझा निरोप द्यायला हरकत नाही.

“आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूचा लकवा झाला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर पस्तीस वर्षं काढली, भजनात टाळ धरायचे. आता काहीही विचारलं तरी ‘तेच तेच तेच’ एवढंच. पण आरती लागली की अख्खी आरती स्पष्ट म्हणतात! चिडले की शिवीही स्पष्ट येते. पाहुणे म्हणतात, म्हातारा मुद्दाम करतोय. काहींच्या मते डोक्यावर परिणाम झाला. आम्ही पाटी-पेन्सिल आणून दिली, ती त्यांनी भिरकावली. खाताना ठसकाही लागतो.” — एक सून, पलूस

ताई, अण्णांनी पाटी भिरकावली याचं मला नवल वाटलं नाही. मी असते तर तुमच्याच दिशेने भिरकावली असती.

अण्णांना झालंय त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि तोच अर्धा उजवा हात-पाय चालवतो. म्हणून उजवी बाजू गेली की कित्येकदा बोलणंही जातं. जीभ हलते, आवाज फुटतो, अक्कल जागेवर आहे. गेलाय तो शब्दांकडे जायचा रस्ता. तोच रस्ता लिहिण्याचाही आहे, म्हणून तोंडात न आलेला शब्द पाटीवरही येत नाही. त्यांना वाटलं असणार, जे जमत नाही तेच आता लिहून दाखवा म्हणतात.

‘तेच तेच’चंही तसंच. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका माणसाचं वर्णन केलं. त्याला फक्त ‘तान’ एवढंच म्हणता यायचं, तेही दोनदा, ‘तान तान’. दवाखान्यात त्याचं नावच तान पडलं होतं. तो गेल्यावर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला. म्हणजे अण्णांचा आजार दीडशे वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांच्या ओळखीचा आहे, पाहुण्यांच्या नसला तरी.

मग आरती कशी येते? आरती, पाढे, वार, आकडे, शिव्या, हे आपण शब्द निवडून बोलत नाही. ते एकदा सुरू झालं की उतारावरच्या गाडीसारखं आपोआप जातं. त्यात सुराचा भाग असतो आणि सुराला मेंदूचा उजवा अर्धा हात देतो. ‘चहा पाहिजे’ म्हणायला मात्र शब्द शोधावा, उचलावा, जुळवावा लागतो. म्हणून आरती खरी आणि ‘तेच तेच’ही खरं. मुद्दाम काही नाही.

ही आरतीच आपली शिडी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरावरून बोलण्याकडे नेणारी एक पद्धत निघाली, ती आपल्या भजनी माणसाला फार मानवते. त्यांचा डावा हात हातात घ्या, मांडीवर सावकाश ठेका धरा आणि दोनच सुरांत, वर-खाली, ‘च-हा दे’ असं गुणगुणा. आधी तुम्ही, मग दोघं मिळून, मग तुमचा आवाज हळूहळू कमी करत जा. आठवडाभर एकच वाक्य. वार म्हणताना ‘सोमवार, मंगळवार...’ म्हणून थांबा आणि पुढचा वार त्यांच्याकडून येतो का बघा. इथेही दहा आकडे मोजायचे. हे मी कागदावर लिहितेय म्हणून सोपं दिसतं. जवळच्या थेरपिस्टने एकदा बसून बेतून दिलं तर तुमचे चार महिने वाचतील.

घरात एक वही करा. चहा, चष्मा, संडास, गोळी, पंखा, दुखतंय, नातवंडांचे फोटो, असं सगळं चिकटवा. त्यांनी बोट ठेवायचं. विचारताना ‘काय पाहिजे?’ नको. ‘चहा की पाणी?’ असं विचारा आणि दोन्ही वस्तू दाखवा. एका वेळी एकानेच बोला. जोरात बोलू नका, कान शाबूत आहेत त्यांचे. अर्धा शब्द आला की लगेच पुरा करू नका. ‘हो’ म्हणायचं असताना तोंडातून ‘नाही’ येतं, त्यामुळे अंगठा वर की खाली ते बघा.

आणखी एक. कारखान्याची काट्याची जुनी पावती घरात असेल तर ती काढा. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. पस्तीस वर्षं हाताखालून गेलेले आकडे आहेत ते. माझ्याकडे एक किराणा दुकानदार यायचे, त्यांना बायकोचं नाव आठ महिन्यांनी आलं, पण ‘अडीचशे ग्रॅम’ तिसऱ्या आठवड्यात आलं. बायको हसली की रडली ते मला नीटसं कळलं नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण चार महिने झाले म्हणून दार बंद झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वर्ष-दोन वर्षांनीही माणसं पुढे सरकलेली मी पाहिली आहेत.

पाहुण्यांसाठी नियम. ‘मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायचं. स्वतःच सांगायचं, ‘अण्णा, मी अमक्या गावचा तमका, बसायला आलोय.’ मग खरोखर बसायचं.

आता ठसका. हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. लकव्यानंतर गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात आणि घास श्वासनलिकेत उतरू शकतो. त्यातून न्यूमोनिया होतो आणि तो जीव घेतो. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? अधूनमधून ताप येतो का? असेल तर या आठवड्यातच दाखवा. गिळणं तपासणं हेही आमचंच काम आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तोवर आडवं ठेवून चमच्याने काहीही भरवू नका. पाठ सरळ, पाय खाली, छोटा घोट, एक गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच. भडंग पूर्ण बंद. आपल्याकडे पाहुणा आला की भडंग येतं आणि ‘अण्णा, थोडं घ्या’ होतं. कोरडं, हलकं, भुग्याचं, वर शेंगदाणे. ठसक्यासाठी याहून वाईट खाणं मला सुचत नाही.

“प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४१. दुसरीचा वर्ग, शेजारी तिसरीचा, मध्ये नुसती पडदी. दोन महिन्यांपासून दुपारनंतर आवाज बसतो, घोगरा येतो. हळद-दूध, काढा, खडीसाखर सगळं झालं. बोलावं लागू नये म्हणून आता कुजबुजते.” — मिरज

बाई, दोन महिने म्हणजे फार झाले. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यायचे. घरात कुणी तंबाखू खाणारं, ओढणारं असेल आणि त्यांचा आवाज बदलला, तर त्यांनी तर अजिबात थांबू नये.

तुम्ही मिरजेच्या आहात म्हणून तंबोऱ्याचं उदाहरण देते. सतारमेकर मंडळी जवारी कशी काढतात ते तुम्ही येता-जाता पाहिलं असेल. तार घोडीच्या पाठीवर केसभर टेकते आणि त्या टेकण्यातून झणकार फुटतो. घोडीवर बारीकसा खड्डा पडला की सूर मरतो. आपले स्वरतंतू दोन, आणि बाईमाणसाच्या बोलण्यात ते सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर टेकतात. पडदीपलीकडच्या तिसरीवर मात करायला आपण ओरडतो, म्हणजे ते टेकत नाहीत, आपटतात. वर्षानुवर्षं आपटून तिथे घट्टे पडतात, नांगरणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. शिक्षकांमध्ये हे फार दिसतं. तुमच्या घशात तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही, पण तसंच निघालं तर घाबरू नका. पुष्कळदा ऑपरेशनशिवाय, आवाज वापरायची पद्धत बदलून ते ओसरतं.

हळदीच्या गावात राहून हे लिहायला धीर लागतो, पण हळद-दूध स्वरतंतूंवरून जातच नाही. ते अन्ननलिकेतून जातं. स्वरतंतूंवर गेलं तर ठसका लागेल! घशाला बरं वाटतं, प्या खुशाल. स्वरतंतू ओले राहतात ते दिवसभर घोट-घोट पाण्याने आणि वाफेने. कुजबुज मात्र बंद करा, तिने बऱ्याच जणींच्या घशावर उलट ताण येतो. हळू, पण आवाजात बोला. घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी. आणि मुलांना गप्प करायला ओरडण्याऐवजी टाळी, घंटी, हात वर. शेजारच्या गुरुजींशी ठरवून एकाच वेळी दोन्ही वर्गांना लेखनाचा तास ठेवलात तर ते माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा भारी पडेल.

“वय २७, नोकरी करतो. लहानपणापासून तोतरं बोलतो. ‘क’ वर अडकतो म्हणून एस.टी.त कऱ्हाडऐवजी चार रुपये जास्त देऊन पुढच्या गावचं तिकीट काढतो. आता स्थळं बघतायत. घरचे म्हणतात, बघायच्या कार्यक्रमात कमी बोल, लग्नानंतर बघू. तोंडात गारगोट्या ठेवून बोलायचा सराव केला, उपयोग झाला नाही. हे पूर्ण बरं होतं का?” — सातारा जिल्हा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या चार रुपयांसाठी.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण लोक दोन्ही एकात कालवतात. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणं ते बोबडं. शब्द माहीत असून तो निघताना अडकणं, ‘क-क-क’ होणं किंवा तोंड उघडून नुसताच श्वास कोंडणं ते तोतरं. हे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं. बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, मुलींचं जास्त. मोठ्यांमध्ये शंभरात एखाद्याचं उरतं आणि त्यात पुरुष कितीतरी जास्त. त्याचा भित्रेपणाशी किंवा अकलेशी संबंध नाही. मेंदू बोलण्याची वेळ कशी जुळवतो त्यातला तो फरक आहे आणि पुष्कळदा घराण्यात असतो. भीती नंतर येते, हसणाऱ्यांमुळे. गारगोट्या थुंकून टाका, एखादी घशात अडकायची.

पूर्ण बरं होतं का? २७ व्या वर्षी मी ‘हो’ म्हणणार नाही. जो म्हणेल त्याला पैसे देऊ नका. पण आज जेवढा त्रास होतो तेवढा होणार नाही, हे मी म्हणू शकते. कारण तुमचा निम्मा त्रास अडखळण्याचा नाही, लपवण्याचा आहे. शब्द बदलणं, तिकीट बदलणं, फोन न उचलणं. शब्द हलका सोडायचा, अडकलं तर जोर न लावता त्यातून सरकायचं, हे थेरपीत शिकवता येतं. पण आधी लपणं सुटलं पाहिजे.

म्हणून गृहपाठ. या रविवारी कंडक्टरसमोर मुद्दाम अडखळा. ‘क-क-कऱ्हाड.’ तुम्ही ठरवून, तुमच्या मर्जीने. त्याच्या डोळ्यांत बघत. तो कंटाळेल फार तर, त्याला मागच्या सीटचे सुटे द्यायचे असतात. तीन वेळा केलंत की तुम्हाला जाणवेल, शब्द अडकला तरी गाडी कऱ्हाडला जातेच. तुमच्यासारख्यांचे आपापसांत भेटणारे गट आहेत, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे ऑनलाईनही चालतात. माझ्या खोलीत जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं, हे मी व्यावसायिक अपमान गिळून सांगते.

आणि लग्न. कमी बोलून जमवलेलं लग्न पुढे आयुष्यभर कमी बोलून टिकवावं लागेल. पोहे येण्याआधी तुम्हीच सांगा, ‘मी बोलताना अडखळतो, थोडा वेळ द्याल.’ एवढं एक वाक्य. ते अडखळत गेलं तर आणखी चांगलं, पुरावा जोडीला. ज्या मुलीने ते वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली, मध्येच तुमचा शब्द पुरा केला नाही, तिच्याबद्दल घरच्यांचं काय मत आहे ते मला जरूर कळवा. आईवडिलांवर चिडू नका. त्यांनी तुम्हाला २७ वर्षं ‘सावकाश बोल, श्वास घे’ सांगितलं असेल. ते प्रेमानेच असतं आणि त्याने काहीही होत नाही.

“थेरपिस्ट खरा की खोटा कसा ओळखायचा?” — इस्लामपूर परिसर

भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, नसेल तर विचारायला लाजू नका, मला विचारलंत तर मला आनंदच होईल. पदवी चार वर्षांच्या शिक्षणाची असते, पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटची नव्हे. ‘एका महिन्यात बोलतं करू, गॅरंटी’ असा बोर्ड दिसला तर चप्पल न काढता परत फिरा. आणि आईला बाहेर बसवून, दार लावून मुलाला अर्धा तास ‘थेरपी’ देऊन पाठवणाऱ्याकडे पुन्हा जाताना विचार करा. आठवड्यातून दोन अर्धे तास माझे, उरलेले सगळे तास तुमचे. काय करायचं ते आईला दाखवलंच नाही तर मी फी कशाची घेतली?

“मुलगी चार वर्षांची. ‘र’ला ‘ल’ म्हणते. ‘लिक्षा’, ‘लविवाल’. बाकी सगळं स्पष्ट. ऐकायला इतकं गोड वाटतं की आम्ही दोघंही घरात तसंच बोलायला लागलोय. काळजी करावी का?” — एक वडील, विटा

तिची नको. ‘र’ आपल्या भाषेत शेवटी शेवटी येणाऱ्या आवाजांपैकी आहे, जिभेचं टोक टाळूपाशी फडफडावं लागतं. सहाच्या पुढे गेल्यावरही ‘लविवाल’च राहिला तर आणा. तोवर तिला दुरुस्त करू नका, ती ‘लिक्षा आली’ म्हणाली की तुम्ही सहज ‘हो, रिक्षा आली’ म्हणा आणि बसा रिक्षात.

काळजी तुमची वाटते. तुम्ही दोघं मात्र उद्यापासून ‘रविवार’ म्हणायला लागा.